सही खरी, पण इतिहास?

विन्स्टन चर्चिल यांची स्वाक्षरी असलेला ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ हा सहा खंडांचा ग्रंथ जगभरच्या संग्राहकांना हवाहवासा वाटतो. या स्वाक्षरीला मोल का येते, तिची पारख कशी होते आणि तिच्यामागचा इतिहास कितपत प्रमाण मानायचा, याचा हा परामर्श.

बंगळूर क्लबने १८९९ सालची एक जुनी नोंदवही जपून ठेवली आहे. क्लबची देणी न चुकवता निघून गेलेल्या सभासदांच्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल असे एक नाव आहे आणि त्यापुढे १३ रुपयांची थकबाकी मांडलेली आहे. हा थकबाकीदार पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला, दुसऱ्या महायुद्धाचा नायक ठरला आणि त्या युद्धाचा इतिहास लिहून साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरीही झाला. कारकुनाच्या हस्ताक्षरातील ही नोंद पाहण्याचे कुतूहल लोकांना आजही वाटते. मग खुद्द चर्चिल यांनी आपल्या हाताने सही केलेल्या पुस्तकाला किती मोल येत असेल, याची कल्पना सहज करता येते.

चर्चिल आणि इतिहासलेखन हे नाते जुळले तेही भारतातच. ऑक्टोबर १८९६ मध्ये ‘फोर्थ हुसार्स’ या घोडदळाबरोबर हा तरुण अधिकारी मुंबईला आला. ससून डॉकच्या पायऱ्यांवर होडीतून उतरताना त्याने भिंतीतील लोखंडी कडी पकडली, लाटेने होडी मागे खेचली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. त्या दुखापतीने आयुष्यभर पाठ सोडली नाही, असे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. पुण्याच्या छावणीत थोडा मुक्काम करून पलटण बंगळूरला गेली. तेथील लांबलचक दुपारी त्यांनी गिबन आणि मेकॉले या इतिहासकारांचे ग्रंथ वाचून काढले. भाषेचा तो भारदस्त थाट त्यांच्या लेखनात कायमचा मुरला. १८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवरील मोहिमेत ते वार्ताहर म्हणूनही सहभागी झाले आणि त्या अनुभवावरचे ‘द स्टोरी ऑफ द मालाकंद फील्ड फोर्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः पाहिलेल्या, किंबहुना स्वतः घडवलेल्या घटनांचा इतिहास स्वतःच लिहायचा, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

सहीला मोल कशामुळे?

‘द सेकंड वर्ल्ड वॉर’चा पहिला खंड १९४८ मध्ये निघाला आणि सहावा खंड अमेरिकेत १९५३ मध्ये, तर ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिनची आवृत्ती आधी आणि लंडनच्या कॅसलची नंतर, असा क्रम होता. ग्रंथ प्रचंड संख्येने छापला गेला आणि तितक्याच प्रचंड संख्येने खपला. त्यामुळे सही नसलेल्या प्रथमावृत्तीचे खंड जुन्या पुस्तकांच्या बाजारात आजही सहज आणि माफक किमतीत मिळतात. पुस्तक जुने आहे, लेखक विख्यात आहे आणि आवृत्ती पहिली आहे, एवढ्यावर किंमत वाढत नाही. मागणीच्या मानाने वस्तू दुर्मिळ असावी लागते, आणि ही दुर्मिळता येथे सहीने येते.

सह्यांमध्येही प्रतवारी असते. कोऱ्या पानावर नुसती सही, ही पहिली पायरी. सहीसोबत तारीख आणि ज्याला पुस्तक दिले त्याचे नाव असेल, तर ती प्रत नेमकी कोणाच्या हाती आणि केव्हा गेली हे कळते. आपल्याकडे ‘सप्रेम भेट’ असे लिहून देतात, तसाच हा प्रकार. पुस्तक स्वीकारणारी व्यक्ती त्या इतिहासातीलच एखादे पात्र असेल, म्हणजे युद्धकाळातील सेनानी, मंत्री किंवा निकटचा सचिव असेल, तर अशा प्रतीचे मोल सर्वांत अधिक. ती प्रत हाच एक छोटासा ऐतिहासिक दस्तऐवज होतो.

सहाही खंडांवर सही असलेला संच विशेष दुर्मिळ असतो, यालाही साधे कारण आहे. खंड सहा-सात वर्षांच्या काळात एकामागून एक निघाले. बहुतेकांना पहिल्या एखाद-दोन खंडांवर सही मिळाली, पुढच्या खंडांवर ती घेण्याचा योग आला नाही. त्यातच १९५१ च्या अखेरीस चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. १९४९ मध्ये आणि त्यानंतर १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले. हात थरथरू लागला, सह्या कमी झाल्या. एकाच व्यक्तीला क्रमाक्रमाने दिलेला संपूर्ण संच म्हणूनच संग्राहकाला मोलाचा वाटतो. याशिवाय मूळ कागदी वेष्टन शाबूत आहे का, पानांवर तपकिरी डाग पडले आहेत का, बांधणी सैल झाली आहे का, या गोष्टीही किंमत ठरवताना पाहिल्या जातात.

खरी की नकली?

जेथे मोल आहे तेथे लबाडी आलीच. मात्र बाजारात दिसणारी प्रत्येक खोटी सही फसवणुकीच्या हेतूने केलेली असते असे नाही. युद्धानंतर चर्चिल यांच्याकडे अभिनंदनाच्या आणि शुभेच्छांच्या पत्रांचा पूर लोटत असे. त्यांना उत्तर म्हणून हस्ताक्षरातील आभारपत्राची हुबेहूब छापील प्रतिकृती पाठवली जाई. ज्यांना ती मिळाली त्यांनी ती श्रद्धेने जपली. नातवंडांनी ती पुस्तकात चिकटवली आणि पुढे कोणीतरी ‘मूळ सही’ म्हणून ती विकायला काढली. असे प्रकार इतके सर्रास आढळतात, की जाणकार विक्रेते चर्चिल यांचे हस्तलिखित आभारपत्र प्रथम संशयानेच हातात घेतात.

पारख करण्याची पहिली पायरी भिंग. छापलेल्या रेषेची शाई सर्वत्र सारख्या दाटपणाची असते. टाकाने लिहिलेल्या रेषेत दाब कमी-जास्त होतो, वळणावर शाई साचते, वेगाच्या जागी ती विरळ होते. दुसरी पायरी तुलना. माणूस दोन वेळा तंतोतंत सारखी सही करू शकत नाही. दोन सह्या एकावर एक ठेवल्या असता रेषेला रेष जुळली, तर ती खरेपणाची नव्हे, संशयाची खूण असते. तिसरी पायरी काळ. चाळिशीतील चर्चिल यांची ठाम, धावती सही आणि ऐंशीच्या घरातील अडखळती सही यांत फरक दिसायलाच हवा. १९५४ च्या खंडावर तरुणपणीच्या वळणाची सही असेल, तर शंका घ्यावी.

नावाचाही एक घोटाळा आहे. चर्चिल आपली पुस्तके ‘विन्स्टन एस. चर्चिल’ या नावाने प्रसिद्ध करीत. याचे कारण असे, की १८९९ च्या सुमारास विन्स्टन चर्चिल याच नावाचा एक अमेरिकी कादंबरीकार त्यांच्यापेक्षा अधिक प्रसिद्ध होता. वाचकांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी ‘स्पेन्सर’चा ‘एस’ नावात घातला. त्यामुळे एखाद्या जुन्या अमेरिकी कादंबरीवर ‘विन्स्टन चर्चिल’ अशी अस्सल सही सापडली, तरी ती पंतप्रधानांची असेलच असे नाही. शिवाय त्यांचे नातूही विन्स्टन चर्चिल (१९४०-२०१०) याच नावाचे. तेही खासदार होते आणि लेखकही. १९६५ मध्ये आजोबांचे निधन झाल्यानंतर निघालेल्या आवृत्तीवर ‘विन्स्टन चर्चिल’ अशी सही आढळली, तर ती कोणाची हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या पिढीतील राजकारण्यांच्या पुस्तकांबाबत हा प्रश्न आणखी बिकट होतो, तो ‘ऑटोपेन’मुळे. मूळ सहीचा साचा घेऊन खऱ्या पेनाने, खऱ्या शाईने सही उमटवणारे हे यंत्र अमेरिकी राजकारणात अनेक दशके वापरात आहे. शाई खरी असल्यामुळे नुसते भिंग येथे पुरेसे ठरत नाही. २०२२ मध्ये गायक बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ९०० ‘स्वहस्ते सही केलेल्या’ प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. खरेदीदारांनी इंटरनेटवर आपापल्या सह्यांची छायाचित्रे ताडून पाहिली आणि त्या यंत्राने केल्याचे उघडकीस आले. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि डिलन यांनी माफी मागितली. सोबत दिलेले प्रमाणपत्रही येथे उपयोगी पडले नाही. प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या विश्वासार्हतेइतकीच असते. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे ते पुस्तक पहिल्या मालकाकडून आजच्या मालकापर्यंत कसे आले याची सलग, कागदोपत्री माहिती.

सही एकाची, हात अनेकांचे

सही अस्सल ठरली, की संग्राहकाचा प्रश्न मिटतो. वाचकाचा प्रश्न मात्र तेथून पुढे सुरू होतो. पानावरची सही चर्चिल यांची आहे. पण आतला मजकूर?

‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ ज्या पद्धतीने तयार झाला ती एखाद्या कार्यालयासारखी होती. चर्चिल यांच्या मदतीला ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यासकांचा एक चमू होता. ऑक्सफर्डचे इतिहासकार विल्यम डीकिन, लष्करी घडामोडींसाठी जनरल हेन्री पाउनॉल, आरमारासाठी कमोडोर गॉर्डन ॲलन, कागदपत्रांची व्यवस्था पाहणारे डेनिस केली आणि युद्धकाळातील निकटचे सहकारी जनरल इस्मे ही त्यांतील प्रमुख नावे. हे सहायक कागदपत्रे निवडत, प्रसंगांचे कच्चे आराखडे तयार करत. चर्चिल रात्री उशिरापर्यंत येरझाऱ्या घालत सचिवांना मजकूर सांगत आणि छापून आलेल्या मुद्रितांवर पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करत. मंत्रिमंडळाचे सचिव नॉर्मन ब्रुक हेही मुद्रिते वाचत आणि बदल सुचवत. म्हणजे सरकारी गोपनीयतेचे रक्षण करणारा अधिकारीच या ग्रंथाचा एक संपादक होता. केंब्रिजचे इतिहासकार डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन कमांड ऑफ हिस्टरी’ या ग्रंथात ही सारी प्रक्रिया बारकाईने उलगडून दाखवली आहे.

यामागे अर्थकारणही होते. अमेरिकेतील हक्कांपोटीच सुमारे १४ लाख डॉलरचा करार झाला. त्या वेळी ब्रिटनमध्ये मोठ्या उत्पन्नावर पौंडामागे, म्हणजे वीस शिलिंगांमागे, साडेएकोणीस शिलिंग कर लागू शकत असे. म्हणून चर्चिल यांनी आपली कागदपत्रे कुटुंबीयांच्या हितासाठी स्थापन केलेल्या विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि हक्कांची मोठी रक्कम त्या निधीकडे जाईल अशी व्यवस्था केली. युद्धकाळात पंतप्रधान म्हणून लिहिलेली टिपणे आणि तारा अशा रीतीने खासगी मालमत्तेचा आधार बनल्या. १९९५ मध्ये १९४५ पूर्वीची ही कागदपत्रे लॉटरीच्या सार्वजनिक पैशातून सुमारे सव्वा कोटी पौंडांना विकत घेऊन केंब्रिजच्या अभिलेखागारात कायमची ठेवण्यात आली. देशाच्या कारभाराचे कागद देशानेच विकत का घ्यावेत, असा रोकडा सवाल तेव्हा ब्रिटनमध्ये विचारला गेला.

जे लिहिले नाही ते

जानेवारी १९४८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलताना, भूतकाळाचा निवाडा इतिहासावर सोपवणे सर्वच पक्षांच्या हिताचे आहे, विशेषतः तो इतिहास आपणच लिहिणार असल्यामुळे, अशा आशयाची कोटी चर्चिल यांनी केली होती. सभागृह हसले, पण त्या विनोदात पद्धतीचा कबुलीजबाब होता. या ग्रंथात चर्चिल यांची टिपणे आणि तारा मोठ्या संख्येने छापल्या आहेत. त्यांना आलेली उत्तरे मात्र त्या मानाने फारच थोडी. त्यामुळे प्रत्येक निर्णयामागे एकच माणूस विचार करत होता, असा भास वाचकाला होतो. जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे यश हे ब्रिटनचे मोठे बळ होते. त्याचा उल्लेख ग्रंथात नाही, कारण ते सरकारी गुपित होते आणि १९७४ पर्यंत ते सर्वसामान्यांना ठाऊक नव्हते. शेवटचा खंड निघाला तेव्हा आयसेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. साहजिकच त्यांच्याशी झालेल्या मतभेदांची धार बोथट करण्यात आली.

भारतीय वाचकाला सर्वांत बोचणारी उणीव मात्र वेगळी आहे. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला होता. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला वादळाने झोडपले होते. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यालगतच्या होड्या आणि धान्य सरकारनेच हलवले होते. युद्धखर्चामुळे भाव भडकले होते. धान्य पाठवण्याच्या मागणीला लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागितले त्याच्या काही अंशानेच दाद दिली. यात चर्चिल यांची जबाबदारी किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. मधुश्री मुखर्जी यांनी २०१० च्या ‘चर्चिल्स सीक्रेट वॉर’ या पुस्तकात त्यांच्यावर थेट ठपका ठेवला. उलट जहाजांची खरी टंचाई, प्रांतिक सरकारचे अपयश आणि एप्रिल १९४४ मध्ये चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे जहाजांसाठी केलेली विनंती यांकडे त्यांचे समर्थक बोट दाखवतात. ती विनंती अमेरिकेने फेटाळली होती. चर्चिल यांच्याच मंत्रिमंडळातील भारतमंत्री लिओ अमेरी यांच्या दैनंदिनीत भारतीयांविषयीचे त्यांचे तुच्छतेचे उद्गार नोंदवलेले आहेत, हेही विसरता येत नाही.

वाद जबाबदारीच्या मापाविषयी आहे, घटनेविषयी नाही. तरीही सहा खंडांच्या मुख्य कथनात या दुष्काळाला जागा मिळालेली नाही. इतकेच नव्हे, तर युद्धाच्या संकटांपासून हिंदुस्थानच्या जनतेइतके उत्तम संरक्षण जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या लोकसमूहाला लाभले नाही, असा दावा चर्चिल यांनी चौथ्या खंडात केला आहे. लाखो माणसे भुकेने मेल्यानंतर अवघ्या सात-आठ वर्षांत हे वाक्य छापले गेले. ग्रंथकर्त्याला १९५३ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले, ते ऐतिहासिक आणि चरित्रात्मक लेखनावरील प्रभुत्वासाठी आणि वक्तृत्वासाठी. त्या प्रभुत्वाविषयी शंका नाही. पण शैली जितकी प्रभावी, तितके गाळलेले नजरेआड होणे सोपे.

नाव नसलेले पुस्तक

चर्चिल यांच्या कारकिर्दीचा एक धागा मराठी इतिहासाशीही येऊन भिडतो. १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक झाली आणि त्यांची भारतात रवानगी करण्यात आली, तेव्हा ब्रिटनचे गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेल्या १८५७ च्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्याच्या आदल्याच वर्षी गुप्तपणे छापला गेला होता. प्रसिद्ध होण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते, ‘एक भारतीय राष्ट्रवादी’ एवढाच उल्लेख होता. बनावट वेष्टने घालून त्याच्या प्रती भारतात पोहोचवल्या जात. ही बंदी उठायला १९४६ साल उजाडले.

सावरकरांच्या राजकारणाविषयी आणि त्या ग्रंथातील मांडणीविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. तोही एका राजकारणी माणसाने, एका निश्चित हेतूने लिहिलेला इतिहास आहे आणि त्याचे वाचनही तितक्याच चिकित्सेने व्हायला हवे. परंतु जुन्या पुस्तकांच्या दुनियेतील एक विरोधाभास या दोन ग्रंथांमुळे स्पष्ट होतो. सत्तेवर राहिलेल्या लेखकाच्या सहीने पुस्तक मौल्यवान होते. सत्तेने ज्याचा पाठलाग केला त्याच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती, तीवर नावसुद्धा नसताना, दुर्मिळ होते. एकाच्या प्रती लाखांनी उरल्या, दुसऱ्याच्या मोजक्याच वाचल्या.

संग्राहकाने आणि वाचकाने

म्हणून वादग्रस्त राजकारण्याचे सही केलेले इतिहासाचे पुस्तक विकत घेऊ नये, असे मुळीच नाही. ते जपून ठेवावे असेच असते. त्या माणसाने ते पुस्तक हातात घेतले होते, कोणाला तरी दिले होते, त्या क्षणी त्याचा हात ठाम होता की थरथरत होता, हे ते पान सांगते. विकत घेण्यापूर्वी छापील प्रतिकृती, यंत्राची सही आणि नावाचे साधर्म्य यांची खात्री करावी. मालकीची साखळी विचारावी. शक्य असल्यास एकाहून अधिक जाणकारांचे मत घ्यावे आणि विक्री-पावतीवर ‘सही अस्सल नसल्यास परतावा’ असे लेखी घ्यावे.

त्याचबरोबर अशा पुस्तकाशेजारी दुसरेही एखादे पुस्तक ठेवावे. चर्चिल यांच्या खंडांशेजारी रेनॉल्ड्स किंवा मुखर्जी यांचे पुस्तक ठेवले, तर संग्रहाची किंमत पैशांत वाढणार नाही. पण त्या कपाटातला इतिहास थोडा अधिक पूर्ण होईल. सही एवढेच सिद्ध करते, की हे पुस्तक लेखकाच्या हाताखालून गेले. त्याने काय लिहिले आणि काय गाळले याचा दाखला सहीत मिळत नाही. त्यासाठी पुस्तक वाचावे लागते, आणि एकच पुस्तक वाचून भागत नाही.